एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज कोणाच्या हातात गेले? मुकादमापासून एजन्सीपर्यंतचा इतिहास

दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक यादी फिरते. बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना काय काय केले, त्याची. कामाचे तास, बाळंतपणाची रजा, खाणकामगारांचे कल्याण, त्रिपक्षीय परिषदा. आणि त्यातच एक ओळ, 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची स्थापना'. आपण 'जय भीम' लिहून यादी पुढे पाठवतो. त्या एका ओळीपाशी मात्र फारसे कोणी थांबत नाही. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हटले की तरुणांना जुन्या सरकारी इमारतीतले धूळ खात पडलेले ऑफिस आठवते, आणि ज्येष्ठांना वर्षानुवर्षे जपलेले पण कधी कॉल न आणलेले कार्ड. मग बाबासाहेबांच्या कार्याच्या यादीत ही ओळ कशासाठी?

आमचे म्हणणे असे आहे. नोकरीच्या लढाईचे तीन भाग असतात. पहिला, शिकण्याची सोय. दुसरा, जागांमधला वाटा. आणि तिसरा, जागा रिकामी आहे ही बातमी वेळेवर मिळून तिच्या दारापर्यंत पोहोचण्याचा हक्क. पहिल्या दोन भागांसाठी आपली चळवळ रस्त्यावर उतरली, तुरुंगात गेली. तिसऱ्या भागावर चर्चासुद्धा कमी झाली. व्यवस्थेने नेमका त्याचाच फायदा घेतला. आरक्षण कागदावर शाबूत ठेवून माणसाला दारापर्यंतच येऊ द्यायचे नाही, ही युक्ती जुनी आहे. ती किती जुनी आहे आणि बाबासाहेबांच्या खात्याने तिच्यावर काय उपाय सुरू केला होता, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

कामाची बातमी कोणाकडे?

आपल्या चळवळीचा आरंभच मुळी नोकरीच्या बंद दारापाशी झालेला आहे. १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. पिढ्यान् पिढ्या पलटणीत काम केलेल्या घरांना एका हुकुमाने गावकीच्या कामाकडे ढकलले गेले. त्याविरुद्ध गोपाळ बाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. लष्करात घ्या, पोलिसांत घ्या, सरकारी खात्यांत खालच्या जागा तरी द्या, ही ती मागणी. मंदिरप्रवेशाच्या कितीतरी आधी आपल्या पूर्वजांनी भरतीचे दार ठोठावले होते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

सरकारी दार बंद झाले तेव्हा माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे, रेल्वेकडे, गोदीकडे गेली. तिथे भरती कोण करत होते? गिरणीचा मालक नव्हे, मॅनेजरही नव्हे. भरती करायचा जॉबर, म्हणजे मुकादम. बायकांच्या खात्यात नायकीण. सकाळी गेटवर माणसे उभी राहायची आणि मुकादम बोट दाखवील तो आत जायचा. मुकादम आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या जातीचा माणूस आधी घ्यायचा. बाकीच्यांकडून दस्तुरी घ्यायचा. खोली त्याच्या ओळखीने, उधारी त्याच्या ओळखीने, बदलीचे कामही त्याच्याच मर्जीने. शहरात जात विरघळते असे सांगणाऱ्यांनी गिरणीच्या गेटचा इतिहास वाचावा. गेटवर जात विरघळली नाही, उलट तिला भरतीचा अधिकार मिळाला.

याचा परिणाम खात्याखात्यांत दिसत होता. जास्त पगाराचे विणकाम खाते, म्हणजे साचेखाते, अस्पृश्यांना बंद होते. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढावा लागतो आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा हाती घेणार! अस्पृश्यांची माणसे कमी पगाराच्या कताईच्या खात्यांत अडकून राहिली. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर मांडला. वर्गाची एकजूट हवी असेल तर साचेखात्याचे दार उघडण्याची मागणीही संपाच्या मागण्यांत घ्या, असा त्यांचा आग्रह होता. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी हाच धागा पुढे नेला. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही त्यांची मांडणी आपल्याला पाठ असते. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतले तपशील दिले होते. अस्पृश्य माणूस आयुष्यभर गँगमन राहतो. त्याला साधा पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि घरात अस्पृश्य चालत नाही. म्हणजे जागा आहे, काम करणारा माणूस आहे, अंगात ताकद आहे, पण मध्ये कोणीतरी उभा आहे.

हा मधला माणूस हटवण्याचा जगभर एक मार्ग पुढे आला होता. सरकारने रोजगाराची मोफत कचेरी काढायची. तिथे मालकाने रिकामी जागा कळवायची, कामगाराने नाव नोंदवायचे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ मध्येच बेकारीविषयीच्या करारात हे घातले होते. हिंदुस्थान सरकारने तो करार १९२१ मध्ये मान्य केला आणि १९३८ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. मधल्या काळात व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९३१ मध्ये कामगारांविषयीचा अहवाल दिला. मुकादमाचा जाच या कमिशनला दिसला, त्याचे भरतीचे अधिकार काढून घ्या असेही त्याने सुचवले. पण सरकारी रोजगार कचेऱ्यांची गरज त्याला वाटली नाही. का, तर गिरणीमालकांना गेटवरच हवी तितकी माणसे मिळतात! मालकाला माणूस मिळतो की नाही, एवढाच हिशोब. त्या गेटवर कोणत्या माणसाला कधीच बोलावले जात नाही, हा प्रश्न हिशोबात नव्हता.

१९४२ ते १९४६ : तीन पावले

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि १९४६ च्या मध्यापर्यंत त्या पदावर राहिले. या चार वर्षांत घडलेल्या तीन गोष्टी आपण नेहमी वेगवेगळ्या सांगतो. त्या एकत्र वाचल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट ऑगस्ट १९४३ ची. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दिले होते, त्यानंतर केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. जून १९४६ मध्ये हे प्रमाण १२.५ टक्के झाले. दुसरी गोष्ट १९४४ ची. मॅट्रिकनंतर शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. आणि तिसरी गोष्ट १९४५ ची. त्या वर्षी जुलै महिन्यात मजूर खात्याखाली पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय उभे राहिले आणि देशभर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज उघडायला सुरुवात झाली. त्याआधी १९४३ मध्ये मुंबईत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या स्थायी श्रम समितीच्या बैठकीत कुशल कामगारांसाठी अशा कचेऱ्या काढण्याचा विषय चर्चेला आला होता.

इथे इतिहास सरळ सांगितला पाहिजे. इंग्रज सरकारने ही यंत्रणा जातिअंतासाठी काढली नव्हती. युद्ध संपत आले होते, लाखो सैनिक आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांतले कामगार मोकळे होणार होते. ही माणसे बेकार राहिली तर काय होईल, याची सरकारला धास्ती होती. त्यातून ही योजना आली. पण सत्तेची गरज वेगळी आणि त्या गरजेतून उभ्या राहिलेल्या यंत्रणेचा अर्थ वेगळा असू शकतो. बाबासाहेबांची हातोटी हीच होती. सरकारला ज्या गोष्टीची गरज भासते, तिच्यातून आपल्या माणसासाठी जागा काढायची. मोकळ्या होणाऱ्या त्या सैनिकांत १९४१ मध्ये बेळगावला उभारलेल्या महार रेजिमेंटचे जवानही होते. ते गावी परतले असते तर गावात त्यांच्यासाठी काय होते? तीच महारकी, तीच येसकराची काठी. एक्स्चेंजच्या नोंदवहीत मात्र त्या माणसाचे नाव, त्याचे कसब आणि नोंदणीची तारीख लिहिली जाणार होती. वशिला लिहायला त्या वहीत रकाना नव्हता.

शिष्यवृत्तीने माणूस तयार होतो. राखीव जागेने त्याचा वाटा ठरतो. एक्स्चेंजने त्या दोघांची गाठ पडते. यातले एक पाऊल काढून घेतले की बाकीची दोन अर्धवट राहतात. राखीव जागा आहे पण तिची बातमी साहेबाच्या भाच्यालाच कळते, अशी स्थिती असेल तर शेवटी शेरा काय पडतो? 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही.' हा शेरा आपल्या समाजाच्या तीन पिढ्यांनी ऐकला. या शेऱ्याला खोटे पाडणारा सरकारी पुरावा कोणता होता? एक्स्चेंजची नोंदवही! उमेदवार उपलब्ध आहे, त्याचा नोंदणी क्रमांक हा, त्याचे शिक्षण हे, तो अमुक तारखेपासून वाट पाहतो आहे. बाबासाहेबांच्या काळात उभ्या राहिलेल्या या यंत्रणेचे खरे महत्त्व इथे आहे.

१९५९ चा कायदा : सक्ती कशाची?

फाळणीनंतर या कचेऱ्यांवर निर्वासितांच्या पुनर्वसनाचे काम आले. १९४८ च्या सुरुवातीपर्यंत त्या सर्व बेकारांसाठी खुल्या झाल्या. १९५२ मध्ये बी. शिवा राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींप्रमाणे १ नोव्हेंबर १९५६ पासून कचेऱ्यांचा रोजचा कारभार राज्य सरकारांकडे गेला. मग आला १९५९ चा कायदा, जो १ मे १९६० पासून लागू झाला. नाव भारदस्त : सेवायोजन कार्यालये (रिक्त पदे अधिसूचित करण्याची सक्ती) अधिनियम.

नावातली सक्ती वाचून फसू नये. हा कायदा बारकाईने वाचला की दिसते, सक्ती फक्त जागा कळवण्याची होती. कलम ४ मध्येच स्पष्ट लिहिले होते की जागा कळवली म्हणून एक्स्चेंजने पाठवलेला माणूस घेतलाच पाहिजे असे मालकावर बंधन नाही. सरकारी क्षेत्राला कायदा लागू होता, खासगी क्षेत्रात पंचवीस किंवा जास्त माणसे असतील तरच. आणि जागा कळवलीच नाही तर दंड किती होता? पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येक गुन्ह्याला हजारापर्यंत. खटला भरायचा तर आधी अधिकाऱ्याची मंजुरी लागे. असा कायदा मोडायला कोणता कारखानदार घाबरणार होता?

त्याहून गंभीर गोष्ट कलम ३ मध्ये होती. कोणत्या जागा कळवायची गरज नाही, त्याची यादी तिथे दिली होती. खासगी शेतीतली मजुरी, घरकाम, तीन महिन्यांहून कमी मुदतीचे काम आणि 'कार्यालयातील अकुशल काम'. या शेवटच्या शब्दांची व्याख्या कायद्याने करून ठेवली होती. दफ्तरी, जमादार, शिपाई, फरास, गठ्ठे उचलणारा, समन्स बजावणारा, पहारेकरी आणि सफाई कामगार. ही यादी पुन्हा वाचा. शेतमजुरी, घरकाम, शिपाई, झाडूवाला. १९५९ मध्ये आपल्या समाजाचा माणूस ज्या कामांत सर्वांत जास्त होता, नेमकी तीच कामे सक्तीच्या बाहेर! म्हणजे ज्याला मुकादमाच्या तावडीतून सोडवण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्यालाच कायद्याने मुकादमाकडे सोपवले. सरकारी खात्यांनी आपल्या आदेशांनी शिपायाच्या जागा एक्स्चेंजमार्फत भरल्या, ते वेगळे. तो आदेश होता, कामगाराचा हक्क नव्हता. आदेश एका परिपत्रकाने येतो आणि दुसऱ्या परिपत्रकाने जातो.

याच १९५९ साली भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा रोजगार सेवेविषयीचा १९४८ चा करार मान्य केला. त्यात मोफत सार्वजनिक रोजगार सेवा चालवण्याची आणि तिच्या कारभारात सल्ला देण्यासाठी मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींच्या समित्या नेमण्याची जबाबदारी आहे. अशा समितीवर आपल्या वस्तीतला माणूस बसलेला आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे?

कार्डाची पिढी

तरीही या कचेऱ्यांनी काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. साठ आणि सत्तरच्या दशकांत शिकून बाहेर पडलेली आपली पहिली मोठी पिढी दहावी-अकरावीचा निकाल हातात आला की पहिले काम करायची ते 'एम्प्लॉयमेंटमध्ये नाव टाकण्याचे'. कार्ड निघायचे. ठरलेल्या मुदतीत त्याचे नूतनीकरण करायचे, नाहीतर ज्येष्ठता जायची. त्यासाठी लोक एसटीने जिल्ह्याच्या गावी जात. मग कधीतरी पोस्टमन कॉल घेऊन येई. पोस्ट, टेलिफोन, रेल्वे, वीज मंडळ, एसटी, बँका, महापालिका यांत त्या काळात लागलेल्या आपल्या अनेक माणसांच्या मागे ना काका साहेब होता ना मामा पुढारी. त्यांच्या मागे नोंदणीची तारीख होती. आज आपण ज्यांना समाजातला मध्यमवर्ग म्हणतो, ज्यांच्या वर्गणीतून विहारे उभी राहिली आणि मुले वसतिगृहांत शिकली, त्यातला एक मोठा हिस्सा त्या कॉलमधून आला आहे. १९७० च्या सुमारास केंद्राने अनुसूचित जाती-जमातींच्या नोंदणीकृत उमेदवारांसाठी खास मार्गदर्शन केंद्रेही सुरू केली.

पण दुखणेही तेव्हाच सुरू झाले. नोंदणी वाढत गेली, जागा वाढल्या नाहीत. कॉल पाठवण्याच्या यादीवर बसलेला कारकून काही ठिकाणी स्वतःच छोटा मुकादम झाला. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तिच्या संतापामागे गावोगावचे अत्याचार होते, तसा शिकूनही बेकार राहिलेल्या तरुणाचा रागही होता. २०११ ते २०१५ या काळातले केंद्र सरकारचे आकडे पाहिले तर देशात साडेनऊशेहून अधिक एक्स्चेंज होती, त्यांच्या चालू नोंदवहीत चार कोटींहून जास्त नावे होती आणि वर्षभरात त्यांच्यामार्फत काम लागलेल्यांची संख्या पाच लाखांच्या आतच होती. म्हणजे शंभरामागे जेमतेम एक. त्यावर सत्ताधाऱ्यांचे उत्तर काय? एक्स्चेंज निकामी झाले, ते गुंडाळा. दवाखान्यात औषध ठेवायचे नाही आणि मग रोगी बरा होत नाही म्हणून दवाखानाच बंद करायचा, असा हा न्याय.

मुकादम परत आला

१९८७ मध्ये हरगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १९५९ चा कायदा फक्त जागा कळवायला लावतो, एक्स्चेंजमधूनच भरती करायला लावत नाही. सरकारी खात्यांना मात्र एक्स्चेंजमार्फत भरती करण्याचे जे आदेश होते, ते न्यायालयाने योग्य मानले. १९९६ मध्ये विश्वेश्वर राव प्रकरणात न्यायालयाने सांगितले की एक्स्चेंजला कळवाच, पण वर्तमानपत्रात, सूचनाफलकावर, आकाशवाणी-दूरदर्शनवरही जाहिरात द्या. ज्याने नाव नोंदवले नाही त्यालाही समान संधी हवी, हे त्यामागचे तत्त्व. या तत्त्वाला आमचा विरोध नाही. उघड जाहिरात ही चांगलीच गोष्ट आहे. आमचा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. जाहिरातीचे निमित्त झाले आणि नोंदवहीला कोणी विचारीनासे झाले. नोंदवही सुधारायची सोडून तिला बाजूला टाकण्यात आले. मग काही वर्षांत जाहिरातही आटली, कारण जागाच 'भरायच्या' बंद झाल्या. त्या कंत्राटावर जाऊ लागल्या.

कंत्राट म्हणजे काय, हे मुंबईच्या सफाई कामगारांना विचारा. काम महापालिकेचे, रस्ता महापालिकेचा, कचऱ्याची गाडी शहराची आणि हजेरी मात्र ठेकेदाराची. काम करणारी माणसे बहुतांश आपल्याच समाजाची. २,७०० कामगारांनी वर्षानुवर्षे लढा दिला. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्याच्या बाजूने निर्णय दिला. हा विजय मोठा आहे. पण त्यातून दिसणारी गोष्ट विसरू नये. १९५९ च्या कायद्याने ज्या सफाई कामगाराला नोंदवहीबाहेर ठेवले, तोच साठ वर्षांनी ठेकेदाराच्या वहीत सापडला.

आता ठेकेदाराचे नाव बदलून 'एजन्सी' झाले आहे. ६ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने नऊ एजन्सींमार्फत बाह्ययंत्रणेतून मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा सर्व प्रकारच्या पदांचा त्यात समावेश होता. राज्यभर तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारला हा निर्णय रद्द करावा लागला. आपण तेव्हा 'आरक्षण संपवण्याचा डाव' अशी घोषणा दिली, ती बरोबरच होती. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे ४५ दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुकीलाही आरक्षण लागू होते. पण माणूस एजन्सीचा नोकर दाखवला की बिंदुनामावली कोणाला लावणार? आणि एजन्सी माणूस कुठून आणते? तिच्याकडे नोंदवही नाही, ज्येष्ठता नाही, नाकारल्याचे कारण देण्याची जबाबदारी नाही. गिरणीच्या गेटवर बोट दाखवणारा मुकादम आणि आजची एजन्सी यांत फरक एवढाच की मुकादमाचा चेहरा तरी दिसत होता.

खासगी क्षेत्राची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे, पण तिचा पुरावाही हाताशी असावा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००५ पासून सुमारे ६६ आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त आडनावे वेगळी. काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लीम. एकूण ४,८०८ अर्ज गेले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या टप्प्यावर बोलावले जाण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश होती. मुलाखत झाली नव्हती, चेहरा पाहिला नव्हता, बोली ऐकली नव्हती. फक्त आडनाव वाचले होते. याला गुणवत्ता म्हणतात!

पोर्टल आहे की!

काही मित्र म्हणतात, आता एक्स्चेंजची भाषा जुनी झाली. केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून आहे, राज्याचे महास्वयम् आहे, मोबाईलवर नोंदणी होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने एक्स्चेंजला 'करिअर सेंटर' हे नवे नावही दिले आणि जागा कळवण्याची मर्यादा पंचवीस कामगारांवरून वीसवर आणली. मग अडचण कुठे आहे?

अडचण जिथे १९५९ मध्ये होती तिथेच आहे. नव्या संहितेतही जागा कळवली म्हणून त्या केंद्रामार्फतच माणूस घ्यावा असे बंधन मालकावर नाही. नोंदणीची खिडकी मोबाईलवर आली म्हणून मालकाच्या बाजूचे दार उघडले असे होत नाही. पोर्टलवर आपले नाव टाकणे सोपे झाले, एवढेच. आपले नाव कोणी पाहिले, कोणी वगळले, कशासाठी वगळले, हे कळायची सोय आजही नाही. जुन्या कचेरीत निदान कारकुनासमोर उभे राहून 'माझ्या नंतरच्याला कॉल कसा गेला?' असे विचारता येत होते.

दुसरे काही मित्र म्हणतात, मुळात जागाच नाहीत, मग यंत्रणा सुधारून काय मिळणार? हा आक्षेप खरा आहे. एक्स्चेंज जागा निर्माण करत नाही. रिक्त पदे भरण्याची लढाई वेगळी लढावीच लागेल. पण जेव्हा जागा कमी असतात तेव्हाच मधल्या माणसाची किंमत वाढते. दहा जागा आणि दहा माणसे असतील तर मुकादमाला कोण विचारतो? दहा जागा आणि दहा हजार माणसे असतील तर तोच राजा. म्हणून टंचाईच्या काळात नोंदवहीची गरज कमी होत नाही, वाढते.

आपण काय मागायचे?

इतिहास सांगून थांबलो तर हा लेखही १४ एप्रिलच्या यादीसारखाच होईल. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट मांडतो.

एक, सरकारी पैशातून पगार जाणारे प्रत्येक काम, मग ते कायम असो, कंत्राटी असो की एजन्सीमार्फत, आधी सार्वजनिक नोंदवहीत आले पाहिजे. सफाई, शिपाई, पहारेकरी यांना वगळण्याची १९५९ ची रीत कायमची संपली पाहिजे.

दोन, कळवलेल्या प्रत्येक जागेसोबत त्या आस्थापनेची बिंदुनामावली जाहीर झाली पाहिजे. 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' असा शेरा मारायचा असेल तर नोंदवहीतल्या किती उमेदवारांना बोलावले आणि प्रत्येकाला का नाकारले, हे लेखी द्यावे लागेल.

तीन, नोंदणी किती, बोलावणे किती, नेमणूक किती, याचे प्रवर्गनिहाय आणि स्त्री-पुरुष असे आकडे दर तिमाहीला जिल्हावार प्रसिद्ध झाले पाहिजेत. मालकांकडून तिमाही माहिती घेण्याची पद्धत १९५९ च्या कायद्याखाली होतीच. तिच्यात प्रवर्गाचा रकाना घाला आणि ती लोकांसमोर ठेवा, एवढेच आमचे म्हणणे.

चार, जागा न कळवणाऱ्याला पाचशे-हजारांचा दंड हा विनोद होता. आता दंड असा असावा की ताळेबंदात दिसेल.

पाच, जिल्ह्याच्या रोजगार केंद्रावर सल्लागार समिती असावी आणि तिच्यावर अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि असंघटित कामगारांचे प्रतिनिधी असावेत. १९५९ मध्ये मान्य केलेल्या कराराची ही साधी अंमलबजावणी आहे, कोणाची मेहेरबानी नाही.

आणि एक काम सरकारकडे मागायचे नाही, आपणच करायचे. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक अभ्यासिकेत दोन मुले अशी तयार करा की जी जिल्ह्याच्या रोजगार केंद्राकडे माहिती अधिकारात दर सहा महिन्यांनी तीन प्रश्न टाकतील. किती आस्थापनांनी जागा कळवल्या? किती जणांवर न कळवल्याबद्दल कारवाई झाली? अनुसूचित जातीच्या किती नोंदणीकृत उमेदवारांना काम लागले? उत्तर आले तर ते वस्तीच्या फलकावर लावा. उत्तर आले नाही तर अपील करा आणि तेही फलकावर लावा.

वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला तेव्हा आपल्याकडे ना मत होते, ना संविधान, ना राखीव जागा. फक्त दार ठोठावणारा हात होता. आज आपल्याकडे कायदा आहे, आकडे मागण्याचा अधिकार आहे आणि अर्ज वाचता-लिहिता येणारी लाखो पोरे-पोरी आहेत. बाबासाहेबांनी मजूर खात्यात बसून कामाची वही मुकादमाच्या खिशातून काढून सार्वजनिक टेबलावर आणण्याची सुरुवात केली होती. ती वही पुन्हा कोणाच्या खिशात गेली आहे ते आपल्याला दिसते आहे. ती परत टेबलावर आणणे हे आपल्या पिढीचे काम आहे.

जय भीम!